विमानाची हांक

गेल्या वर्षीं पालकांची सभा आटोपल्यावर एका विद्यार्थ्याच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या. त्यांचा थोरला मुलगा आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. विमान चालविण्याचें शिक्षण घेण्यासाठीं तो नुकताच परगांवीं गेला होता. धाकट्याच्या गणिताविषयीं दोन शब्द बोलून झाल्यावर त्या जराशा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "सर, एक विचारूं का? रस्त्यावर चौकांत पोलीस उभा असतो, दिवे असतात, समोरून येणारी गाडी दिसते. वर आकाशांत ना रस्ता ना चौक. ढगांत तर कांहींच दिसत नसेल. मग दुसरें विमान अंगावर येत आहे कीं नाहीं, हें माझ्या पोराला कळायचें तरी कसें?"

त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर अपुरें होतें. विमानतळावरील नियंत्रक रडारच्या साहाय्यानें सर्वांवर लक्ष ठेवतात, आपण काळजी करूं नये, एवढें सांगून आम्ही मोकळे झालों. त्यांचें समाधान झालें नाहीं हें त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतें. आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नव्हतें. त्यानंतर आम्हीं या विषयाचा थोडाबहुत अभ्यास केला. त्याचें फळ या लेखाच्या रूपानें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

डोळ्यांची मर्यादा

विमानविद्येच्या आरंभकाळीं वैमानिकाचा सारा भरंवसा त्याच्या दोन डोळ्यांवर असे. "पाहा आणि टाळा" हा त्या काळचा नियम; आणि स्वच्छ हवेंत उडणाऱ्या वैमानिकास तो आजहि सुटलेला नाहीं. परंतु डोळ्यांचें सामर्थ्य किती तोकडें आहे हें एका साध्या हिशेबावरून कळेल. दोन प्रवासी विमानें प्रत्येकीं ताशीं ८०० किलोमीटर वेगानें समोरासमोर येत आहेत असें समजा. त्यांच्यामधील अंतर ताशीं १,६०० किलोमीटर, म्हणजे दर सेकंदास सुमारें ४४४ मीटर, या वेगानें घटत जातें. दहा किलोमीटरांवरचें विमान म्हणजे आकाशांतील एक ठिपका. तो ठिपका दृष्टीस पडल्यापासून टक्कर होईपर्यंत अवघे बावीस-तेवीस सेकंद हातीं उरतात. तेवढ्या अवधींत तें विमान आहे हें ओळखावयाचें, तें आपल्याच वाटेवर आहे हें ठरवावयाचें, कोणत्या बाजूस वळावें याचा निर्णय करावयाचा, आणि आपलें अवजड धूड प्रत्यक्ष वळवावयाचें!

यांत आणखी एक मेख आहे. दोन विमानें आपापला वेग व दिशा न बदलतां एकाच बिंदूकडे जात असलीं, तर एकांतून पाहणाऱ्यास दुसरें खिडकीच्या कांचेवर जागच्या जागीं स्थिर दिसतें. हलणाऱ्या वस्तूकडे डोळा आपोआप वळतो, स्थिर ठिपक्याकडे वळत नाहीं. म्हणजे जें विमान सर्वांत धोक्याचें, तेंच नजरेंतून सुटण्याचा संभव सर्वांत अधिक. तें मोठें होतें तें अगदीं शेवटच्या कांहीं सेकंदांत.

३० जून १९५६ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराहून निघालेलीं दोन प्रवासी विमानें ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीवर २१,००० फूट उंचीवर एकमेकांवर आदळलीं. एवढें विस्तीर्ण आकाश, आणि त्यांत दोनच विमानें. तरी १२८ जीव गेले, एकहि वांचला नाहीं. "आकाश मोठें आहे" या समजुतीवर विसंबणें किती घातक आहे हें त्या दिवशीं साऱ्या जगास कळून चुकलें.

रडारची हजेरी

रडारचें तत्त्व आमच्या वाचकांस परिचित असेलच. डोंगरासमोर उभें राहून हांक मारली म्हणजे प्रतिध्वनि येतो, आणि तो येण्यास किती वेळ लागला यावरून डोंगर किती दूर आहे हें काढतां येतें. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं इंग्लंडमध्यें डॅव्हेंट्री गांवाजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट व त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनीं बिनतारी लहरी विमानावर आपटून परत येतात हें प्रयोगानें दाखविलें, आणि पुढील महायुद्धांत रडारनें आपला प्रभाव गाजविला.

परंतु प्रतिध्वनीवरून "तेथें कांहींतरी आहे" एवढेंच कळतें. तें कोण आहे आणि किती उंचीवर आहे हें साधा प्रतिध्वनि सांगत नाहीं. म्हणून युद्धकाळांतच विमानांत उत्तर देणारें एक यंत्र बसविण्यांत येऊं लागलें. त्यास ट्रान्सपॉन्डर म्हणतात. जमिनीवरील रडार १,०३० मेगाहर्ट्झच्या लहरींवर प्रश्न विचारतें. विमानांतील ट्रान्सपॉन्डर १,०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. उत्तरांत चार अंकी खूण असते. त्यांतील प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकीं असल्यामुळें अशा एकंदर ४,०९६ खुणा होतात. त्यांतील कांहीं राखून ठेवलेल्या आहेत: ७७०० म्हणजे विमान संकटांत आहे, ७६०० म्हणजे बोलण्याचें यंत्र बिघडलें आहे, आणि ७५०० म्हणजे विमान कोणी बळजबरीनें पळवीत आहे. पुढें या उत्तरांत उंचीहि येऊं लागली.

ही सारी रीत आपल्या वर्गांतील हजेरीसारखी आहे. मास्तरांनीं नांव पुकारावें आणि मुलानें "हजर" म्हणावें. हजेरी उत्तम, पण मास्तर नसतील तर हजेरी नाहीं. शिवाय मास्तरांचा पुकारा सारखा चालत नाहीं. रडारची तबकडी गरगर फिरते. लांब पल्ल्याच्या रडारला एक फेरा पुरा करण्यास सुमारें बारा सेकंद लागतात. तेवढ्यांत ताशीं ८०० किलोमीटर वेगाचें विमान अडीच किलोमीटरांहून अधिक पुढें निघून गेलेलें असतें. डोंगराआडचें विमान रडारला दिसत नाहीं, आणि भर समुद्रांत तर रडार उभारावयाचें कोठें?

आपल्या देशांतील एक दुःखद प्रसंग येथें सांगितला पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळीं हरियाणांत चरखी दादरीजवळ, दिल्लीहून निघालेलें सौदी अरेबियाचें एक विमान व दिल्लीकडे येणारें कझाकस्तानचें एक विमान यांची हवेंत टक्कर होऊन ३४९ माणसें मृत्यु पावलीं. एकास १४,००० फुटांवर व दुसऱ्यास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती. परंतु वरचें विमान आपली पातळी सोडून खालीं उतरलें. त्या वेळीं दिल्लीच्या नियंत्रकापुढील पडद्यावर विमानांची उंची उमटत नव्हती; वैमानिक तोंडीं सांगतील तीच उंची खरी मानावी लागे. टिंब दिसत होतें. टिंब किती उंचावर आहे हें दिसत नव्हतें.

घुंगुरमाळेची युक्ति

घाटांतून रात्रीं बैलगाड्या चालत त्या काळच्या गोष्टी वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्हीं ऐकल्या आहेत. अंधार दाट, वाट अरुंद, वळणें आंधळीं. पण बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा असत. वळणापलीकडची गाडी दिसत नसली तरी तिची घुंगुरें ऐकूं येत, आणि अलीकडचा गाडीवान वेळींच आपली गाडी बाजूस घेई. कोणीं कोणास विचारावें लागत नसे. गाडी चालली म्हणजे घुंगुरें वाजलींच, आणि तीं कोणा एकासाठीं नव्हेत, तर ऐकेल त्या प्रत्येकासाठीं वाजत.

आज विमानांत जें नवें यंत्र बसविण्यांत येतें त्याचें तत्त्व हेंच आहे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें घेऊन त्यास ए. डी. एस.-बी. म्हणतात. आपण सोयीसाठीं त्यास "स्थानघोषक" म्हणूं. त्या इंग्रजी नांवांत चार कल्पना आहेत, आणि त्या चारहि समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली, हें काम आपोआप होतें; वैमानिकास कळ दाबावी लागत नाहीं कीं जमिनीवरून कोणास विचारावें लागत नाहीं. दुसरी, हें यंत्र अवलंबून आहे. विमान आपलें ठिकाण स्वतः ठरवून सांगतें, आणि ऐकणाऱ्यास त्याच्या शब्दावर अवलंबून राहावें लागतें. तिसरी, याचा हेतु देखरेख हा आहे. आणि चौथी, ही हांक सर्वांस उद्देशून असते. जमिनीवरचा नियंत्रक, शेजारचें विमान, वरचा उपग्रह, जो कोणी कान देईल त्यास ती ऐकूं येते. यांतील दुसऱ्या कल्पनेकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पुढें तिचें काम आहे.

विमानास आपला ठाव कसा लागतो?

दुसऱ्यास आपलें ठिकाण सांगावयाचें तर आधीं तें आपणांस ठाऊक हवें. यासाठीं विमान जी. पी. एस. नांवाच्या उपग्रहमालेचा आश्रय घेतें. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि प्रत्येकांत अत्यंत अचूक असें आण्विक घड्याळ असतें. "मी अमुक उपग्रह, अमुक ठिकाणीं आहें, आणि माझ्या घड्याळांत आतां इतके वाजले आहेत," असा संदेश तो सतत पाठवीत असतो. बिनतारी लहरी सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतात. म्हणून संदेश खालीं पोंचण्यास जो वेळ लागला त्यावरून उपग्रहाचें अंतर निघतें. हा वेळ म्हणजे सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग. आणि तो मोजण्यांत सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची जरी चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो! अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशि. विमानांतील घड्याळाची चूक ही चौथी. चार अज्ञात राशींस चार समीकरणें लागतात हें बीजगणित शिकणाऱ्या मुलांस सांगावयास नको. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

आतां एक गंमत पाहा. उंची उपग्रहांवरून निघत असतांहि विमानें एकमेकांपासून वर-खालीं किती अंतर राखावयाचें हें हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंचीनेंच ठरवितात, आणि स्थानघोषकहि प्रामुख्यानें तीच उंची सांगतो. वर जावें तसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीचा दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असें सर्वांनीं मिळून गृहीत धरावयाचें, आणि त्यावरून उंची काढावयाची. प्रत्यक्षांत त्या दिवशींचा दाब निराळा असेल आणि उंची थोडी चुकेलहि. पण एकाच ठिकाणच्या दोन्ही विमानांची ती सारखीच चुकेल, आणि त्यांच्यामधील फरक मात्र खरा राहील. सर्वांनीं एकच माप वापरणें हें कित्येकदां ज्याच्या त्याच्या अचूक मापाहून अधिक उपयोगाचें असतें.

एका हांकेंत काय असतें?

ही हांक १,०९० मेगाहर्ट्झच्या लहरींवर मारली जाते. आरंभीं "लक्ष द्या" अशा अर्थाचे चार ठोके, आणि मागून शून्य किंवा एक अशा ११२ अंकांची माळ. प्रत्येक अंकास सेकंदाचा दहा लक्षावा भाग मिळतो. त्याच्या पूर्वार्धांत ठोका पडला तर एक, उत्तरार्धांत पडला तर शून्य. आरंभासकट सारी हांक सेकंदाच्या दहा लक्ष भागांपैकीं १२० भागांत संपते. पापणी लवते न लवते तोंच अशा शेंकडों हांका होऊन जातील.

या ११२ अंकांपैकीं पहिले आठ हांकेचा प्रकार सांगतात. पुढील २४ अंक म्हणजे त्या विमानाचा कायमचा पत्ता. २४ अंकांपासून १,६७,७७,२१६ निरनिराळे पत्ते होतात. ते देशवार वांटलेले आहेत. भारताच्या वांट्यास २,६२,१४४ पत्ते आले आहेत. त्यानंतरचे ५६ अंक म्हणजे खरा मजकूर. कांहीं हांकांत ठिकाण व उंची, कांहींत वेग, दिशा व चढ-उतार, तर कांहींत विमानाचें नांव व त्याची जात, म्हणजे तें लहान आहे, मोठें आहे, कीं हेलिकॉप्टर आहे, हें येतें. ठिकाण व वेग हे प्रत्येकीं सेकंदास सुमारें दोनदां सांगितले जातात. नांव पांच सेकंदांतून एकदां. ही पुनरुक्ति काटेकोर ठेक्यावर होत नाहीं. मधला काळ मुद्दाम किंचित् कमीजास्त ठेवतात. दोन मुलें एकाच ठेक्यांत बोलूं लागलीं तर प्रत्येक वेळीं एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर आदळेल. ठेका थोडा ढिला ठेवला तर एखादा शब्द बुडेल, पुढचा ऐकूं येईल.

५६ अंकांत उंची व इतर खुणांसह सबंध पृथ्वीवरील अक्षांश-रेखांश पुरेशा सूक्ष्मतेनें मावत नाहींत. त्यावर काढलेली तोड गणितप्रेमी विद्यार्थ्यांस फार आवडेल. ३५ च्या आंतील एक संख्या आम्हीं मनांत धरली आहे. तिला ७ नें भागलें असतां बाकी ३ उरते. एवढ्यानें ती ओळखूं येत नाहीं, कारण ३, १०, १७, २४, ३१ या सर्वांची बाकी तीच आहे. पण तिलाच ५ नें भागलें असतां बाकी २ उरते असें सांगितलें, कीं ती संख्या १७ हें तत्काळ ठरतें. विमान असेंच करतें. एका हांकेंत पृथ्वीच्या ३६० अंशांचे ६० पट्टे कल्पून, आपण पट्ट्याच्या आंत कोठें आहों एवढेंच तें सांगतें. कोणत्या पट्ट्यांत हें सांगत नाहीं. दुसऱ्या हांकेंत ५९ पट्टे कल्पून तसेंच सांगतें. दोन्ही "बाक्या" ताडून पाहिल्या म्हणजे पट्टा कोणता हें ऐकणाऱ्यास आपोआप कळतें. या युक्तीनें उत्तर-दक्षिण ठिकाण सुमारें पांच मीटरपर्यंतच्या सूक्ष्मतेनें सांगतां येतें.

शेवटचे २४ अंक म्हणजे ताळा. गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें आपण नऊ टाकून ताळा घेऊन पाहतों, त्याच जातीची ही योजना आहे. वाटेंत एखादा ठोका बिघडला तर ताळा जमत नाहीं, आणि ऐकणारा ती हांक टाकून देतो.

या सर्वांत आम्हांस विशेष वाटलेली गोष्ट निराळीच. आपल्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा हेंहि विमान आपल्या हांकांमधून सांगत असतें. उपग्रह चांगले दिसत असतील तर "माझा ठाव खात्रीचा आहे" अशी खूण. उपग्रहांची गांठ नीट पडत नसेल तर "माझें ठिकाण इतकें चुकलेलें असूं शकेल" अशी खूण. आपल्या ज्ञानाची मर्यादा न लपवितां सांगणें माणसासहि कठीण जातें; येथें तें यंत्राच्या नित्याच्या कामाचा भाग आहे.

ऐकणारा कान

आतांपर्यंत बोलण्याची बाजू झाली. परंतु ज्या यंत्रांत बोलणें व ऐकणें या दोन्ही सोयी असतात तेंच वैमानिकाच्या खऱ्या उपयोगाचें. त्याच्यासमोरील पडद्यावर मध्यभागीं स्वतःचें विमान असतें, आणि सभोंवतीं इतर विमानें बाणाच्या टोंकांसारखीं उमटतात. टोंक ज्या बाजूस, तिकडे त्या विमानाची गति. शेजारीं "+०५" असें असेल तर तें आपणांहून ५०० फूट वर, "−१२" असेल तर १,२०० फूट खालीं. शेजारचा बारीक बाण वर वळलेला असेल तर तें चढत आहे, खालीं असेल तर उतरत आहे. ढगांतहि हें दिसतें, रात्रींहि दिसतें.

अमेरिकेंत १८,००० फुटांच्या खालीं उडणाऱ्या लहान विमानांस ९७८ मेगाहर्ट्झची दुसरी एक वाटहि मोकळी ठेवली आहे. दोन वाटांवरचीं विमानें एकमेकांस ऐकूं येत नाहींत, म्हणून जमिनीवरील ठाणीं एका वाटेवरची हांक दुसऱ्या वाटेवर पुन्हां उच्चारतात. आणि त्याच दुसऱ्या वाटेनें हवामानाचीं चित्रेंहि विनामूल्य पाठवितात. मात्र तें वादळाचें चित्र कांहीं मिनिटांपूर्वींचें असतें. त्यावर भिस्त ठेवून दोन वादळांच्या फटींतून निसटूं पाहणें म्हणजे कालच्या वर्तमानपत्रावरून आज छत्री न्यावी कीं नाहीं हें ठरविण्यासारखें आहे.

या यंत्राची मोठी परीक्षा प्रथम अलास्कांत झाली. तेथील बेथेल गांवाभोंवतालच्या विस्तीर्ण प्रदेशांत रस्ते जवळजवळ नाहींतच. टपाल, किराणा, आजारी माणूस, सारें लहान विमानांनीं न्यावें लागतें, आणि कमी उंचीवर उडणारीं हीं विमानें रडारला दिसत नसत. अमेरिकन सरकारनें तेथील विमानांत स्थानघोषक, जमिनीचे नकाशे व हवामान दाखविणारे पडदे बसविले, आणि १ जानेवारी २००१ पासून दूरच्या अँकरेज शहरांतील नियंत्रक त्या हांकांवरून या विमानांस वाट दाखवूं लागले. सरकारी हिशेबाप्रमाणें २००० ते २००४ या काळांत अशा विमानांच्या अपघातांचें प्रमाण ४७ टक्क्यांनीं उतरलें. हें सारें श्रेय एकट्या स्थानघोषकाचें नव्हे, नकाशांचें व हवामानाच्या वार्तेचेंहि आहे; पण किती घरांतील माणसें त्यामुळें संध्याकाळीं घरीं परतलीं असतील याचा विचार करावा.

समुद्रावरील अडचण तर उपग्रहांनीं दूर केली. बिनतारी लहरी सरळ रेषेंत जात असल्यामुळें पृथ्वीच्या गोलाईपलीकडे त्या पोंचत नाहींत. ३०,००० फुटांवरील विमानाची हांक जमिनीवर फार तर चारशें किलोमीटरपर्यंत ऐकूं येते. पण वरून ऐकणाऱ्यास गोलाई आड येत नाहीं. सुमारें ७८० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ६६ उपग्रहांवर ऐकणारे कान बसविण्यांत आले, आणि २०१९ सालापासून उत्तर अटलांटिक महासागरावरील नियंत्रक त्यांचा उपयोग करूं लागले. जेथें पूर्वीं वैमानिकानें अधूनमधून दिलेल्या वर्दीवर विसंबावें लागे, तेथें आतां विमान क्षणाक्षणाला दिसूं लागलें.

घुंगुरें नसलेली गाडी

इतकें वाचून कोणास वाटेल कीं आतां भय संपलें. तसें समजणें चुकीचें होईल. ज्या गाडीला घुंगुरें नाहींत ती ऐकूं येणार कशी?

२९ जानेवारी २०२५ च्या रात्रीं अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें विमानतळावर उतरण्याच्या बेतांत असलेलें एक प्रवासी विमान व सैन्याचें एक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर सुमारें ३०० फुटांवर आदळून ६७ जण प्राणांस मुकले. अपघातास अनेक कारणें होतीं. हेलिकॉप्टरांची वाट उतरणाऱ्या विमानांच्या वाटेस फार लागून होती, हें त्यांतील एक. जमिनीवरील रडारला हेलिकॉप्टर दिसत होतें, कारण त्याचा ट्रान्सपॉन्डर उत्तर देत होता. परंतु तें स्थानघोषकाची हांक मात्र मारीत नव्हतें, आणि त्या प्रवासी विमानांत इतरांच्या हांका ऐकून पडद्यावर दाखविणारें साधन नव्हतें. अमेरिकेंत १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या आकाशांत हांक मारणारें यंत्र सक्तीचें झालें होतें. त्या नियमानें बोलणें आवश्यक केलें, ऐकणें मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलें, आणि सैन्यास कांहीं सवलत होती. एकाचें मौन आणि दुसऱ्याचें बहिरेपण एकाच रात्रीं एकाच नदीवर भेटलें.

दुसरी उणीव "अवलंबून" या शब्दांत आहे. उपग्रहांचे संदेश फार क्षीण असतात. कोणीं जमिनीवरून गोंगाट केला तर ते बुडतात, आणि कोणीं खोटे संदेश पाठविले तर विमानाची आपल्या ठिकाणाविषयीं फसगत होते. मग तें अगदीं प्रामाणिकपणें चुकीचें ठिकाण घोषित करतें. गेल्या कांहीं वर्षांत युद्धग्रस्त प्रदेशांजवळून जाणाऱ्या वैमानिकांस याचा अनुभव आला आहे. शिवाय ही हांक गुप्त लिपींत नसल्यामुळें खोटी हांक मारणें तत्त्वतः शक्य आहे. म्हणून रडार सरसकट मोडीत काढलेलें नाहीं. आणि एकच हांक निरनिराळ्या ठाण्यांवर किती मागेंपुढें पोंचली यावरून ती खरोखर कोठून आली हें ताडून पाहण्याची पद्धतिहि आहे. शब्दावर विश्वास ठेवावा, पण ताळा घ्यावा.

तिसरी उणीव यंत्राची नव्हे, माणसाची. पडदा इतका सुबक असतो कीं नजर त्यावरच खिळून राहते. पतंग, पक्षी, किंवा यंत्र नसलेलें एखादें जुनें विमान पडद्यावर येत नाहीं. म्हणून पडद्यानें इशारा दिला कीं डोळे बाहेर वळवावे, अशी शिकवण वैमानिकांस मिळते. दोन डोळ्यांचा जुना नियम रद्द झालेला नाहीं; कोठें पाहावें हें मात्र आतां कळतें.

एका मातेस उत्तर

त्या बाईंस आम्ही आज काय सांगूं? आम्ही सांगूं कीं, बाई, वर चौक नाहीं हें खरें, पण आपल्या मुलाच्या विमानांत हें यंत्र असेल तेथें तें सेकंदास दोनदां सर्वांस सांगत असतें, "मी अमुक, येथें आहें, इतक्या उंचीवर आहें, आणि तिकडे चाललों आहें." जमिनीवरचा नियंत्रक तें ऐकतो, आणि ज्यांच्यापाशीं ऐकण्याचें साधन आहे तीं शेजारचीं विमानेंहि ऐकतात. तेवढ्यानें संकट अशक्य होत नाहीं. परंतु बावीस सेकंदांच्या जागीं त्यास कित्येक मिनिटें मिळतात, आणि शहाण्या माणसास कित्येक मिनिटें पुष्कळ झालीं. त्यास एवढेंच लिहा कीं, निघण्यापूर्वीं यंत्र चालू आहे ना हें पाहावें, दुसऱ्याची हांक कान देऊन ऐकावी, आणि पडदा कितीहि चांगला असला तरी खिडकीबाहेर पाहण्यास विसरूं नये.

धाकटा आतां वरच्या वर्गांत गेला आहे. मधल्या सुट्टींत शाळेवरून विमान गेलें म्हणजे तो मान वर करून उभा राहतो, आणि तें दृष्टीआड झाल्यावरहि थोडा वेळ तसाच राहतो. त्याच्यासाठीं ३५ च्या आंतील दुसरी एक संख्या येथें देतों: ७ नें भागतां बाकी ४, ५ नें भागतां बाकी १. उत्तर आम्हांस वर्गांत येऊन सांगावें.